दिवाणखान्याला निळा रंग द्यायचाय, पण कुठला निळा?

साळुंकी

नमस्कार मंडळी. दसरा झाला की घर रंगवायला काढायचंय आणि हॉलवर गाडी अडलीय. घर पुण्यात, सिंहगड रोडला, चौथ्या मजल्यावर. हॉल ११ बाय १६, उंची साडेनऊ फूट. पश्चिमेला बाल्कनी आहे, उजेड यायची तेवढीच वाट. समोर पंचवीसेक फुटांवर दुसरी बिल्डिंग, तिला गेल्या वर्षी भडक विटकरी-केशरी रंग फासलाय. आमची फरशी आयव्हरी, दारं सागवानी पॉलिशची, सोफा करडा. भिंतींना अजून बिल्डरच्या काळातला पिवळट क्रीमच आहे.

मला निळा हवाय. नवरा म्हणतो काहीही चालेल (म्हणजे पांढरा). सासूबाई म्हणतात निळा म्हणजे दवाखाना. शेड कार्ड उघडलं की पानंच्या पानं निळी, आणि दुपारी आवडलेली चौकट रात्री बघितली की ही कशी काय आवडली असं होतं.

चारही भिंती फिकट कराव्यात की एकच गडद? मॅट की जरा चमक असलेला? अनुभवी लोकांनी सांगा.

रिकामटेकडा

पांढरा लावा. निळे पडदे घ्या. धागा बंद करा. (हलके घेणे.)

टिकलीभर

रिकामटेकडा, तुमच्या घरी पाहुणे येतात का हो? :)

साळुंकी, आमच्याकडे टीव्हीच्या मागची एकच भिंत मोरपंखी आहे, बाकी सगळं ऑफव्हाइट. सगळे विचारतात कुठली शेड म्हणून. फक्त एक सांगते, गडद भिंतीसमोर टीव्हीच्या वायरी आणि पांढरा सेट-टॉप बॉक्स फार डोळ्यांवर येतो. तेवढं आधी आत घालून घ्या.

ईशान्य

टीव्हीची भिंत कुठल्या दिशेला येते? दक्षिणेला निळा देऊ नये, पाण्याचा रंग आहे तो. उत्तर किंवा ईशान्य चालेल.

रिकामटेकडा

आला वास्तुवाला. आता धागा शंभरी गाठणार.

साळुंकी

ईशान्यजी, टीव्ही उत्तरेच्याच भिंतीला आहे, त्यामुळे सुटले म्हणायचं. सोफा दक्षिणेला.

मला खरी भीती वेगळीच आहे. इंग्रजी साइटवर सगळीकडे लिहिलंय की खोली कुठल्या दिशेची ते बघून निळा ठरवा, उत्तरेला गार पडतो, पश्चिमेला संध्याकाळी ऊबदार होतो वगैरे. आमची पश्चिम आहे, म्हणजे संध्याकाळी छान दिसेल ना?

कंदील

दिव्यांचं आणि अंतर्गत सजावटीचं काम करतो, म्हणून जरा लांबण लावतो.

ते दिशांचे सल्ले बहुतेक इंग्लंड-अमेरिकेतल्या घरांसाठी लिहिलेले असतात. लंडन साडेएक्कावन्न अंश उत्तरेला. तिथे भर जूनमध्येसुद्धा सूर्य डोक्यावर येत नाही, दुपारी तो दक्षिणेलाच. आपलं पुणं साडेअठरा अंशांवर. मेच्या मध्यात आपल्याकडे शून्य सावलीचा दिवस असतो (भर दुपारी सूर्य बरोब्बर डोक्यावर), आणि तिथून जुलैअखेरपर्यंत दुपारचा सूर्य चक्क आपल्या उत्तरेला असतो. त्यामुळे ‘उत्तरेची खोली म्हणजे गार निळा उजेड’ हे तिकडचं गणित इकडे तसंच्या तसं बसत नाही. आपल्याकडे घरात येणारा बराचसा उजेड समोरच्या भिंतीवरून, पत्र्यावरून, झाडावरून उसळून आलेला असतो. त्याचा रंग बघा, दिशा नंतर.

तुमच्याच घराचं बघू. समोरची केशरी बिल्डिंग तुमच्या पश्चिमेला आहे, म्हणजे तुमच्याकडे तोंड केलेली तिची भिंत पूर्वेची. तिच्यावर ऊन पडणार सकाळी. म्हणजे केशरी झाक तुमच्या हॉलमध्ये सकाळी येणार आणि निळा तेव्हाच मळकट वाटणार. दुपारी दोन-तीनला थेट ऊन येईल. त्यानंतर सूर्य त्या बिल्डिंगच्या आड गेला की उजेड आकाशातूनच काय तो. तेव्हा निळा एकदम गार पडेल. साइटवाल्यांच्या बरोब्बर उलटं.

आता त्याहून महत्त्वाचं. त्या हॉलमध्ये तुम्ही सगळे निवांत बसता कधी? रात्री आठ ते अकरा असं उत्तर असेल तर सूर्याचा विचार थोडा बाजूला ठेवा आणि छताकडे बघा. कुठले दिवे आहेत? ३००० केल्व्हिनचा (केल्व्हिन म्हणजे उजेडाच्या छटेचं माप, आकडा वाढला की उजेड पिवळ्याकडून निळ्याकडे) वॉर्म व्हाइट असेल तर त्या उजेडात निळं मुळात कमीच असतं, भिंत परत काय देणार? फिकट निळा तिथे करडा किंवा हिरवट दिसतो. ६५०० केल्व्हिनचा, आपल्याकडे ज्याला नुसतं ‘पांढरा’ म्हणतात तो असेल, तर तोच निळा कडक होतो आणि सासूबाईंचा दवाखाना खरा ठरतो. मधला ४००० केल्व्हिन निळ्याला बरा. बॉक्सवर आकडा छापलेला असतो. सीआरआय, म्हणजे दिव्यात रंग किती खरे दिसतात त्याचा आकडा, ९० किंवा वरचा मिळाला तर जरूर घ्या. रंगाच्या आधी दिवे ठरवा, उलटं केलं की दोनदा खर्च.

शेडमागे एलआरव्ही नावाचा आकडा मिळतो, कार्डावर नाहीतर कंपनीच्या साइटवर. भिंत किती उजेड परत करते त्याचं माप. शून्य म्हणजे काळा, शंभर म्हणजे पांढरा. एकच बाल्कनी असलेल्या खोलीत चारही भिंती करायच्या तर पन्नासच्या खाली फार जाऊ नका.

साळुंकी

कंदील, सकाळचं अगदी खरं आहे! सकाळी नऊला आमची पांढरी उशी पीच दिसते. मी उगाच अभ्र्याला दोष देत होते.

दिवे ६५०० वालेच आहेत, आत्ता उतरवून बघितलं.

पाऊसपाणी

मुक्काम लीड्स, इंग्लंड. कंदील यांनी इकडच्या उजेडाचं लिहिलंय त्याला दुजोरा. नोव्हेंबर-डिसेंबरात इथे चारला अंधार. फिकट निळा म्हणून दिलेल्या खोल्या दिवसाही राखाडी वाटतात. म्हणून इथले बरेच लोक सरळ नेव्ही, शाईसारखा गडद देतात, कोपऱ्यांत पिवळे टेबललॅम्प ठेवतात आणि दिवसाच्या उजेडाचा नादच सोडतात. सुंदर दिसतं. पण इथल्या खोल्या छोट्या, लोक रात्रीच बसणारे. पुण्याच्या मे महिन्यात तसली खोली मला तरी सोसवणार नाही. फोटो बघून भुलू नका एवढंच.

मुकादम

वडिलांपासून रंगकामाचा धंदा आहे. शेड तुमची तुम्ही निवडा, भिंतीचं मी सांगतो.

बाल्कनी एका टोकाला आणि लांब भिंती तिच्यापासून आत जाणाऱ्या. म्हणजे उजेड भिंतीला घासून जाणार. अशा भिंतीत प्लॅस्टरच्या लाटा असतील तर दुपारी सगळ्या दिसतात. क्रीम रंगात झाकल्या गेल्या, निळ्यात झाकणार नाहीत, आणि चमक असेल तर विचारूच नका. त्यामुळे लांब भिंतींना मॅट. रंगाऱ्याला सांगा, लांबी (पुट्टी) भरून झाली की अंधारात बल्ब भिंतीला चिकटून धर आणि सावली पडेल तिथे पुन्हा पॉलिश पेपर मार. करायला कुरकुरतात, पण करतात.

मॅटचा तोटाही सांगतो. गडद मॅटवर हात, पाठ, खुर्ची घासली की तेवढाच पट्टा चकाकतो आणि पुसला की आणखी चकाकतो. सोफा दक्षिणेच्या भिंतीला टेकवणार असाल तर तिथे गडद नको, किंवा सोफा चार बोटं पुढे ठेवा. लहान पोरं असतील तर हलकी चमक असलेला धुता येणारा रंग घ्या आणि लाटांवर जास्त मेहनत करून घ्या.

गडद निळा डीप बेसमध्ये, म्हणजे गडद शेडसाठीच्या मूळ रंगात बनतो. त्यात पांढरं टायटॅनियम फार कमी असतं, म्हणून तो झाकत नाही. क्रीमवर दोन हात मारले तरी खालचा पिवळेपणा डोकावतो. नुसत्या पांढऱ्या प्रायमरऐवजी त्याला करडी छटा करून घ्या, मग दोन हातांत येईल, नाहीतर तिसरा लागतोच. रंगारी काय करतो, झाकत नाही म्हणून डबा पुरवायला पाणी वाढवतो. मग चौथा हात दिला तरी ढगाळच. पाणी डब्यावर लिहिलंय तेवढंच. समोर उभं राहा.

हिशोब : तुमची १६ फुटी भिंत साडेनऊ उंचीनं १५२ चौरस फूट होते. एका लिटरमध्ये दोन हात धरून शंभर ते सव्वाशे फूट निघतात असं समजा, म्हणजे एका भिंतीला दोन हातांना दोन लिटर पुरे, तिसरा हात लागला तर सव्वादोन धरा. गडद शेडला स्टेनर (मिसळायचा दाट रंग) जास्त जातो म्हणून तोच रंग लिटरमागे महाग पडतो, तेही धरा. लागेल तेवढा रंग एकदमच मशिनवर काढून घ्या आणि सगळे डबे एका बादलीत एकत्र करून मगच लावायला घ्या. निळ्यात दोन डब्यांतला उन्नीस-बीस फरक भिंतीच्या मधोमध दिसतो.

ओल असेल तर आधी तिचा बंदोबस्त. लोणा (ओलीनं भिंतीवर फुटणारा पांढरा क्षार) क्रीमवर दिसत नाही, निळ्यावर मीठ सांडल्यासारखा दिसतो. पावसाळा संपला म्हणून लगेच धावू नका, बाल्कनीकडच्या भिंतीला हात लावून बघा.

नवसागर

रसायनशास्त्र शिकवतो, त्यामुळे राहवत नाही. निळा इतका लहरी का, याचं थोडं कारण डब्यात आहे.

जुन्या घरांत चुन्यात नीळ टाकायचे. कपड्यांची ती निळी पूड म्हणजे अल्ट्रामरीन. मूळचा हा रंग अफगाणिस्तानातल्या बदख्शानच्या लाजवर्द दगडापासून काढत, सोन्याच्या मोलाचा. १८२०च्या दशकात फ्रान्समध्ये गिमे आणि जर्मनीत ग्मेलिन यांनी तो चिनी माती, सोडा, गंधक आणि कोळसा भाजून बनवला आणि तो गोरगरिबांच्या भिंतीपर्यंत आला. चुन्यासारख्या अल्कलीत तो टिकतो, आम्ल लागलं की उडतो. लिंबू पिळून बघा, सडक्या अंड्याचा वास येईल, गंधक आहे त्यात. त्याच्या आधीचा प्रशियन ब्लू नेमका उलटा, चुन्यात घातला की तपकिरी पडतो. म्हणून आपल्या चुन्याच्या भिंतींवर नीळच असायची.

आज दुकानातल्या मशिनमध्ये जो निळा असतो तो बहुतेक वेळा थॅलो ब्लू. १९२८मध्ये स्कॉटलंडमधल्या ग्रेंजमाउथच्या कारखान्यात भांड्याचं इनॅमल तडकून आतलं लोखंड मालात मिसळलं आणि एक अनपेक्षित निळा पदार्थ हाती लागला, त्याचा हा भाऊ, लोखंडाच्या जागी तांबं असलेला. १९३५पासून बाजारात आहे. ऊन, चुना, काही त्याला डसत नाही. पण ताकद भयंकर आणि झुकाव हिरव्याकडे. पांढऱ्यात नुसता तोच घातला की पोहण्याच्या तलावाचा रंग तयार होतो. शेड कार्डावर दोन सेंटिमीटरची चौकट गोड दिसते आणि भिंतीवर ओरडते ती ही जात.

म्हणून दुकानदाराला विचारा, या शेडमध्ये निळ्याबरोबर काय काय पडतंय? काळा, थोडा ऑक्साइडचा पिवळा किंवा लाल, नाहीतर जांभळा पडत असेल तर शेड शांत. पांढऱ्यात निळा आणि हिरवा एवढंच असेल तर जपून. स्क्रीनवर सूत्र दिसतं, बरेच जण दाखवतात.

दर्यावर्दी

नवसागर, वा! आमच्या राजापूरकडच्या घरात माजघराचे कोनाडे आणि दाराची चौकट निळ्या चुन्याची होती. मे महिन्यात आजी नारळाच्या सोडणाचा ब्रश करून द्यायची. नीळ किती घालायची ते तिच्या डोळ्यांना ठाऊक, आणि ती ओल्या चुन्यावर कधीच विश्वास ठेवायची नाही. दगडावर एक फराटा ओढून उन्हात वाळवायचा, मगच बोलायचं.

भाकरवडी

नाशिककडे द्राक्षबागेत चुना आणि मोरचूद मिसळून बोर्डो मिश्रण करतात ना, फवारल्यावर पानांवर जो आकाशी थर बसतो तो मला भिंतीला हवा आहे. शेड कोड कुणी देईल का?

मुकादम

एक पान तोडून दुकानात न्या, मशिनवर स्कॅन करून देतात. खरंच.

निळाई

निळा म्हणजे दवाखाना हे पहिल्यांदाच ऐकलं. आमच्या नागपूरच्या क्वार्टरमध्ये चौदा एप्रिलच्या आधी बाबा दरवर्षी पुढची खोली स्वतः रंगवायचे. पांढऱ्या डिस्टेंपरमध्ये निळा स्टेनर, काठीनं ढवळायचा. माप नाहीच, त्यामुळे प्रत्येक वर्षी वेगळा निळा. एका वर्षी इतका गडद झाला की फोटोतल्या बाबासाहेबांचा कोट आणि भिंत एक झाली, मग फोटोला पांढरी चौकट करून आणली. आम्हाला निळा निवडावा लागला नाही, तो होताच.

साळुंकी, मला विचाराल तर चारही भिंती करा. एक भिंत निळी आणि तीन घाबरलेल्या, असं नको.

टिकलीभर

निळाई, शेवटचं वाक्य माझ्या भिंतीला वाचून दाखवते. :)

कंदील

साळुंकी, नमुना लावणार असाल तर सध्याच्या क्रीम भिंतीवर थेट लावू नका. पिवळट शेजारात कुठलाही निळा असतो त्यापेक्षा जास्त निळा दिसतो. मोठी ड्रॉइंग शीट घ्या, कडेला चार बोटं पांढरी सोडून दोन हात मारा, वाळू द्या. ओलं इमल्शन फिकट दिसतं, वाळून गडद होतं, दर्यावर्दींच्या आजींचं बरोबर. मग ती शीट खोलीभर फिरवा, सोफ्यामागे, टीव्हीशेजारी, दाराजवळच्या अंधाऱ्या कोपऱ्यात. कोपऱ्यात दोन निळ्या भिंती एकमेकींना रंग देतात, त्यामुळे चार भिंतींचा निळा शीटपेक्षा आणखी एक पायरी गडद वाटणार हे धरून चाला. मनात भरलेल्या शेडपेक्षा एक घर फिकट घ्या.

साळुंकी

सगळ्यांचे आभार. आता निकाल सांगते.

आधी दिवे बदलले, ४००० केल्व्हिन. एवढ्यानंच जुना क्रीमसुद्धा बरा दिसायला लागला आणि नवरा म्हणाला, झालं की मग, राहू दे. दुर्लक्ष केलं.

२०० मिलीच्या तीन डब्या आणल्या. पहिली आकाशी. दुकानात सूत्र विचारलं तर निळा आणि हिरवा, बाकी काही नाही. तरी आणली, आणि नवसागर सर, अक्षरशः तलाव! रात्री तर छतावरही तिची झाक पडत होती. दुसरी मोरपंखीच्या घरातली. दुपारी अप्रतिम, साडीच्या दुकानात ज्याला रामा कलर म्हणतात तसा, पण सकाळी केशरी उजेडात शेवाळी. तिसरी कार्डावर अगदीच मरगळलेली वाटली होती, निळसर करडी, त्यात काळा आणि जांभळा होता. शीटवर आली आणि जिवंत झाली. सकाळी जरा धुरकट, दुपारी स्वच्छ निळी, रात्री शांत. करड्या सोफ्याशी भांडत नाही आणि सागवानी दारं तिच्याशेजारी अशी उजळली की पॉलिश पुन्हा करायचं रद्द केलं. एलआरव्ही ५४. त्याच पट्टीवरची एक घर वरची, ६१ची घेतली. चारही भिंती, मॅट. छत नितळ पांढरं.

एक गोष्ट कुणीच सांगितली नव्हती. भिंत निळी झाली आणि आमचे जुने स्विचबोर्ड दातांसारखे पिवळे दिसायला लागले. सगळे बदलावे लागले. बजेटमध्ये ते धरा.

सासूबाईंना विचारलं. त्या म्हणाल्या, हा निळा कुठाय, हा तर राखाडी आहे, चांगला आहे.

रिकामटेकडा

म्हणजे थोडक्यात राखाडी लावला. अभिनंदन.

ईशान्य

दक्षिणेची भिंतही निळीच केलीत ना शेवटी.

साळुंकी

सासूबाईंच्या मते राखाडी आहे हो ती. :)

मुकादम, अर्धा लिटर रंग उरलाय. ठेवायचा की द्यायचा?

मुकादम

ठेवा. मोठ्या डब्यात ठेवू नका, वरच्या हवेनं साय धरते. लहान घट्ट झाकणाच्या बरणीत गच्च भरा, वर शेड कोड, बेस आणि तारीख लिहा. खिळ्याचं भोक बुजवलं की त्याच रंगाचा टचअप छोट्या रोलरनं करा, ब्रशनं नको. मॅटवर ब्रशचा ठिपका वेगळा कळतो. वर्षानंतर मात्र टचअपच्या नादाला लागू नका, तोवर भिंतीचा रंग किंचित सरकलेला असतो. तेव्हा कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत अख्खी भिंत एक हात मारून घ्यायची.

भाकरवडी

पान नेलं होतं. स्कॅन झालं, पण मशीन म्हणालं पिस्ता.

मुकादम

वाळलेल्या थराचं पान न्या, ताजं हिरवं नाही.